दोन दुष्काळ आणि अर्धा मिलिमीटर

माळावर अनवाणी फिरलेल्या कुणालाही सराटा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जमिनीला चिकटून पसरणारं रोप, पिवळी फुलं आणि वाळल्यावर पाच तुकड्यांत फुटणारं काटेरी फळ. काष्ठौषधींच्या दुकानात हाच गोखरू म्हणून मिळतो. या सराट्याचा एक जवळचा भाऊबंद प्रशांत महासागरात, इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटरवर, गॅलापागोस बेटांवर उगवतो. त्याचं फळ कुणाला फोडता येतं आणि कुणाला येत नाही, यावर १९७७ साली तिथल्या शेकडो पक्ष्यांचं जगणं-मरणं ठरलं. आणि ते ठरत असताना माणसं तिथे वही आणि कॅलिपर (बारीक जाडी मोजायचं चिमट्यासारखं साधन) घेऊन हजर होती. एवढ्या एका कारणामुळे उत्क्रांतीबद्दलची आपली समज कायमची बदलली.

‘उत्क्रांती कुणी डोळ्यांनी पाहिली आहे का?’ हा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातो. प्रश्न वाईट नाही. खुद्द डार्विनलाही वाटत होतं की निसर्गातली निवड इतकी सावकाश चालते की माणसाच्या आयुष्यात ती दिसायची नाही. दिसेल तो फक्त लाखो वर्षांनंतरचा परिणाम. तो १८३५ साली गॅलापागोसला गेला, तिथले फिंच नावाचे छोटे काळे-करडे पक्षी त्याने गोळा केले, लंडनला आणले. पण त्या पक्ष्यांवर निवड चालू असताना ती मोजता येईल असं त्याच्या मनात आलं नाही. ते काम पुढे एका जोडप्याने केलं.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे मूळचे ब्रिटिश, पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात स्थिरावलेले शास्त्रज्ञ. १९७३ साली त्यांचं काम सुरू झालं आणि २०१२ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, दर वर्षी ते किंवा त्यांचे विद्यार्थी एकाच बेटावर जात राहिले. बेटाचं नाव डॅफ्नी मेजर. क्षेत्रफळ सुमारे ३४ हेक्टर, आपल्या हिशेबात ८४ एकर. एखाद्या मोठ्या गावाच्या गायरानाएवढं. समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं टोक, उंची १२० मीटर. ना झरा, ना वस्ती, ना सावलीचं झाड. होडी लावायला पुळण नाही. लाटेचा अंदाज घेऊन कपारीवर उडी मारायची आणि मग पाण्याचे कॅन, तांदूळ, तंबू सगळं वर चढवायचं. त्यांच्या दोन्ही मुलींच्या लहानपणाचा बराच भाग या बेटांवर गेला.

अशी जागा का निवडली, हे आधी समजून घेतलं पाहिजे. रानातल्या पक्ष्यांचा अभ्यास करताना सगळ्यांत मोठी पंचाईत असते ती पक्षी दिसेनासा होण्याची. आज ज्याच्या पायात ओळखीची कडी घातली तो उद्या दिसला नाही, तर तो मेला की शेजारच्या रानात गेला, हे कळायला मार्ग नसतो. डॅफ्नीवर हा प्रश्न जवळजवळ नाहीच. बेट इतकं लहान की प्रत्येक घरटं शोधता येतं, आणि तिथले फिंच बहुतेक तिथेच जन्मतात, तिथेच मरतात. शिवाय माणसाची भीती त्यांना ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट. बेटावर कुणी शेती केली नव्हती, झाडं लावली नव्हती, मांजर-उंदीर आणले नव्हते. जे घडेल ते पाऊस, झाडं आणि पक्षी यांच्यातच घडेल. निसर्गात इतकी स्वच्छ प्रयोगशाळा क्वचितच मिळते.

काम कसलं होतं? बारीक जाळं लावून फिंच पकडायचा. पाठ तळव्याला टेकवून, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये अलगद धरायची, म्हणजे पक्षी धडपडत नाही आणि त्याचा श्वासही कोंडत नाही. मग पंखाची लांबी, पायाची लांबी, वजन. आणि चोच: लांबी, रुंदी आणि नाकपुड्यांपाशी वरून खाली जाडी. या पक्ष्याचं वजन सतरा-अठरा ग्रॅम, चोचीची जाडी एक सेंटिमीटरच्या आतबाहेर. त्यामुळे कॅलिपर जरा जास्त दाबला किंवा तिरका लागला तरी आकडा बिघडतो. मोजून झालं की पायात आकडा कोरलेली धातूची कडी आणि सोबत रंगीत कड्या, म्हणजे पुढच्या वेळी न पकडता, दुर्बिणीतून रंग पाहूनच ‘हा अमुक नंबरचा’ हे ओळखता यावं. मग कोण कुणाशी जोडी जमवतो, किती अंडी, किती पिल्लं, पुढच्या वर्षी त्यातली किती उरली, सगळं वहीत.

आणि फक्त पक्षीच नाहीत, बियासुद्धा. चौरस मीटरचे तुकडे आखून त्यातली माती चाळायची, कुठल्या झाडाच्या किती बिया पडल्या आहेत ते मोजायचं, आणि प्रत्येक बी फोडायला किती जोर लागतो तेही मोजायचं. त्यासाठी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जोर मोजणारा एक खास अडकित्ता तयार करून घेतला होता. मला या सगळ्या कामातला हा भाग फार मोलाचा वाटतो. पक्षी पाहणारे खूप असतात. पक्ष्याच्या ताटात काय वाढलं आहे ते दाणा-दाणा मोजणारे थोडे.

या कथेतला मुख्य पक्षी म्हणजे मध्यम आकाराचा जमिनीवरचा फिंच. शास्त्रीय नावातला दुसरा शब्द घेऊन आपण त्याला फोर्टिस म्हणू. दिसायला चिमणीएवढा, नर काळा, मादी करडी-तपकिरी. एकाच जातीच्या या पक्ष्यांमध्ये चोचीची जाडी बरीच कमी-जास्त असते. काहींची चोच नाजूक, काहींची दणकट. नाजूक चोच बारीक पक्कड, दणकट चोच जाड पक्कड. एरवी, पाऊस बरा झाला की, या फरकाने काही अडत नाही. गवताच्या, लहान झुडपांच्या मऊ बिया सगळीकडे असतात, सगळेच त्या खातात.

मग १९७७ उजाडलं.

गॅलापागोसमध्ये साधारण जानेवारी ते मे हा पावसाचा काळ. १९७६ मध्ये डॅफ्नीवर या काळात १२७ मिलिमीटर पाऊस पडला होता. १९७७ मध्ये पडला २४ मिलिमीटर. झाडांना नव्या बिया धरल्याच नाहीत. फोर्टिसच्या जोड्यांनी त्या वर्षी घरटी केली नाहीत. आधी सगळ्यांनी मिळून लहान, मऊ बिया संपवल्या. उरला तो सराटा.

सराट्याचं फळ फोडणं म्हणजे काय, हे जवळून पाहू. फळाचा एक तुकडा, टणक, कोपऱ्यांवर काटे, आत काही बिया दडलेल्या. मोठी जाड चोच असलेला पक्षी तो तुकडा चोचीच्या बाजूला धरतो, दगडावर टेकवून पीळ देतो आणि त्याचा एक कोपरा तोडतो. आतली बी दिसली की ती काढून खातो. बारीक चोचीचा पक्षी तेच करायला जातो, पण तुकडा तुटत नाही. तो पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो, आणि शेवटी टाकून देतो. दोघांच्या चोचीतला फरक मिलिमीटरच्या आतला असतो, साध्या डोळ्यांना तो दिसतही नाही.

दीडेक वर्षात फोर्टिसची संख्या सुमारे बाराशेवरून सुमारे १८० वर आली. दर शंभरातले पंच्याऐंशी गेले. पीटर बोग हा ग्रँटांचा विद्यार्थी तेव्हा बेटावर होता. आपण कडी घातलेले, ज्यांची अंडी-पिल्लं मोजली ते पक्षी एकेक करून दिसेनासे होताना पाहणं आणि तरी आकडे लिहीत राहणं सोपं नसणार. पण त्याच आकड्यांनी जे दाखवलं ते असं: दुष्काळाआधी फोर्टिसच्या चोचीची सरासरी जाडी ९.४२ मिलिमीटर होती. जे वाचले त्यांची सरासरी ९.९६. फरक अर्धा मिलिमीटर. मेले ते सरसकट मेले नव्हते. मोठ्या अंगाचे आणि जाड चोचीचे जास्त प्रमाणात तगले होते.

आता इथे थोडं थांबावं लागेल, कारण नेमकी इथेच सगळ्यांची समजूत चुकते.

या दुष्काळात एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. सराटा फोडून फोडून कुणाची चोच जाड झाली नाही. ज्याची जेवढी होती तेवढीच राहिली. बदलली ती सरासरी, कारण बारीक चोचीचे हिशेबातून गळाले. वर्गातली बुटकी मुलं दुसऱ्या वर्गात पाठवली तर वर्गाची सरासरी उंची वाढते, पण एकाही मुलाची उंची वाढत नाही. याला निवड म्हणतात. निवड एका पिढीच्या आत होते आणि ती उत्क्रांतीची पहिली पायरी आहे, अख्खी उत्क्रांती नव्हे.

दुसरी पायरी वारशाची. जाड चोच जर केवळ बालपणी भरपूर खायला मिळाल्यामुळे आली असेल, तर दुष्काळ संपल्यावर जन्मलेली पिल्लं पुन्हा पहिल्यासारखीच निघतील आणि सगळा खेळ तिथेच संपेल. म्हणून दुष्काळाच्या आधीच ग्रँट आणि बोग यांनी आईबापांच्या चोचीची सरासरी आणि त्यांच्या मुलांची मोठेपणीची चोच यांची जोडी लावून पाहिली होती. जाड चोचीच्या आईबापांची मुलं जाड चोचीची, बारीक चोचीच्यांची बारीक चोचीची, आणि हा संबंध फार पक्का होता. चोचीच्या जाडीतला बहुतांश फरक रक्तातून येत होता.

१९७८ मध्ये पाऊस झाला, वाचलेल्यांनी घरटी केली. नर मादीपेक्षा थोडे मोठे असतात, त्यामुळे दुष्काळातून माद्या फार कमी वाचल्या होत्या. कितीतरी नरांना जोडीदारीण मिळालीच नाही. नवी पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या चोची मोजल्या. दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा त्या सरासरी सुमारे चार टक्क्यांनी जाड होत्या. ही झाली उत्क्रांती: एका पिढीत, मोजून, आकड्यांत, रानातल्या पक्ष्यात. बोग आणि ग्रँट यांनी हे १९८१ मध्ये जाहीर केलं.

इतकी कथा बऱ्याच पाठ्यपुस्तकांत असते. आणि बहुतेक ठिकाणी ती इथेच संपते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ग्रँट जोडपं १९८१ साली पेटी आवरून घरी गेलं असतं, तर जगाने त्यातून एक साधा, सरळ आणि अपुरा धडा घेतला असता: फिंचची चोच जाड होत चालली आहे. दहा-पंधरा दुष्काळ आले की फोर्टिसची वेगळीच जात होईल, असे हिशेबही मांडता आले असते. ते बेटावर थांबले म्हणून पुढचं कळलं.

१९८२ च्या अखेरीला एल निनो आला, म्हणजे प्रशांत महासागराच्या पूर्व भागातलं पाणी तापलं. आपल्याला एल निनो ठाऊक आहे तो पाऊस पळवणारा म्हणून; १९८२ साली भारतात मान्सून कमीच पडला होता. पण जे गरम पाणी आपल्याकडचा पाऊस कमी करतं तेच गॅलापागोसच्या दारात येऊन कोसळतं. १९८३ च्या मोसमात डॅफ्नीवर १३५९ मिलिमीटर पाऊस झाला. सहा वर्षांपूर्वी २४ मिलिमीटर झालेल्या त्याच खडकावर! बेट हिरवंगार झालं, वेलींनी निवडुंगांना आणि सराट्याला झाकून टाकलं. फिंचच्या जोड्यांनी विणीवर विणी केल्या. लहान बियांची झाडं माजली आणि बेटाची माती बारीक बियांनी भरून गेली. सराटा मात्र वेलींखाली गुदमरला.

पुढच्या दोन वर्षांत पुन्हा पाऊस ओढला. पक्षी भरपूर, दाणे कमी. पुन्हा मरणं सुरू झालं. पण या वेळी जमिनीवर शिल्लक होत्या त्या बारीक बिया. त्या टिपायला जाड चोच गैरसोयीची, आणि मोठ्या अंगाला खायलाही जास्त लागतं. आता बारीक चोचीचे तगले आणि जाड चोचीचे गेले. लाइल गिब्स आणि पीटर ग्रँट यांनी हे १९८७ मध्ये मांडलं: निवडीची दिशाच उलटली होती. १९७७ ला जे बळ होतं, ते १९८५ ला ओझं झालं.

यातून काय कळतं? निसर्ग कुठल्याही एका आदर्श चोचीकडे निघालेला नाही. ‘सर्वांत लायक’ असा कायमचा कुणी नसतो; त्या वर्षी, त्या पावसात, त्या मातीत जे दाणे उरले त्यांच्यासाठी लायक, एवढंच. तीस वर्षांच्या आलेखावर चोचीची रेघ वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा तेवढा पाहणाऱ्याला वाटेल, फारसं काही घडलंच नाही. मधली सगळी जगणी-मरणी त्याला दिसणारच नाहीत. आपल्याला निसर्गात जे स्थिर भासतं, त्यातलं कितीतरी असंच आतून सतत हललेलं असणार.

पण खरं आश्चर्य पुढेच आहे. १९८२ च्या सुमारास डॅफ्नीवर नवे पाहुणे उतरले: मोठा जमिनीवरचा फिंच, मॅग्निरॉस्ट्रिस. फोर्टिसच्या दीडपट-पावणेदोनपट वजनाचा आणि प्रचंड चोचीचा. ते अधूनमधून उडत येत, पण आता पहिल्यांदाच त्यांनी तिथे घरटं केलं. सुरुवातीला मूठभर, मग हळूहळू वाढत दोन दशकांत त्यांची चांगली शेकड्यांची वस्ती झाली. सराट्याचं फळ हा त्यांचा मुख्य आहार. फोर्टिसला पीळ द्यायला, कोपरा तोडायला जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी कमी वेळात मॅग्निरॉस्ट्रिस तो तुकडा थेट चिरडतो.

२००३ आणि २००४ ला पुन्हा दुष्काळ पडला. पाऊस १९७७ सारखाच, नावापुरता. आधीच्या अनुभवावरून कुणीही भाकीत केलं असतं की आता जाड चोचीचे फोर्टिस वाचणार, सरासरी वर जाणार. झालं उलटं. सराटा होता, पण तो मॅग्निरॉस्ट्रिसनी संपवला. जे फोर्टिस सराट्यावर जगू शकले असते, म्हणजे जाड चोचीचे, त्यांच्याच तोंडचा घास गेला. बारीक बियांवर कसंबसं भागवणारे लहान चोचीचे उरले. फोर्टिसची सरासरी चोच झपाट्याने खाली आली. ग्रँट यांच्या तेहतीस वर्षांच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा बदल होता. सराटा संपल्यावर मॅग्निरॉस्ट्रिसही मोठ्या संख्येने मेले.

दोन दुष्काळ, दोन्ही सारखेच कोरडे, बेट तेच, पक्षी तोच. निकाल नेमके उलटे. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी पंगतीला आणखी एक जण बसला होता. डेव्हिड लॅक या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १९४० च्या दशकात म्हटलं होतं की जवळच्या जाती एकमेकींच्या स्पर्धेमुळे चोचीत वेगळ्या होत जातात. पण तो जुन्या नमुन्यांवरून काढलेला तर्क होता. अशी स्पर्धा प्रत्यक्ष घडताना, आधीचे आणि नंतरचे आकडे हातात ठेवून, रानात पाहायला मिळाली ती डॅफ्नीवर. जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांना मी एकच जागा दाखवू शकत असेन तर ही दाखवेन. १९७७ आणि २००४ शेजारी ठेवा. ‘दुष्काळ पडला म्हणून असं झालं’ हे उत्तर किती अर्धवट असतं ते लगेच दिसतं. दुष्काळात आणखी कोण होतं, हेही विचारावं लागतं.

याला पुढे जनुकांचा आधार मिळाला. १९८८ पासून ग्रँट प्रत्येक पक्ष्याच्या रक्ताचा एक थेंब जपून ठेवत होते. तेव्हा त्यातून आजच्याइतकी माहिती निघेल अशी तंत्रंच नव्हती. स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठातल्या लेफ अँडरसन यांच्या गटाने त्या नमुन्यांतून अख्खा डीएनए वाचला. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की एचएमजीए-२ नावाच्या जनुकाचा चोचीच्या आकाराशी जवळचा संबंध आहे. त्याचे दोन प्रकार: एक मोठ्या चोचीशी निगडित, एक लहान चोचीशी. त्याच दुष्काळात कोण वाचला आणि कोण मेला, हे या प्रकारांशी ठळकपणे जुळत होतं. माणसाच्या उंचीशीही याच जनुकाचा संबंध आढळलेला आहे.

आता वागणुकीकडे वळू, कारण चोचीने जगणं ठरतं, पण जात टिकते ती गाण्यामुळे.

फोर्टिस आणि त्याचे शेजारी एकाच बेटावर राहतात, पिसाऱ्याने सारखेच काळे-करडे दिसतात. मग ते आपापल्या जातीतच जोडी कशी जमवतात? फिंचचा नर पिल्लू असताना, घरट्यात आणि घरट्याबाहेर पडल्यावरच्या काही दिवसांत, बापाचं गाणं ऐकतो आणि जन्मभर तेच गातो. एक पक्षी, एक गाणं. मादी गात नाही, पण तिच्याही कानात बापाचं गाणं पक्कं बसतं आणि मोठी झाल्यावर ती तसं गाणारा नर शोधते. दिसणंही महत्त्वाचं असतं. लॉरीन रॅटक्लिफ या ग्रँट यांच्या विद्यार्थिनीने भुसा भरलेले नमुने आणि ध्वनिमुद्रित गाणी वापरून हे दोन्ही वेगवेगळं तपासलं. म्हणजे जातींमधली भिंत जन्मजात नाही, ती शिकलेली आहे. शिकलेल्या गोष्टीत चूक होऊ शकते, आणि ती कधीकधी होते. एखादी जोडी दुसऱ्या जातीच्या घरट्याचा ताबा घेते, आतलं एक अंडं तसंच राहतं, आणि त्यातून निघालेलं पिल्लू पालक बापाचं गाणं शिकतं. किंवा शेजारचा नर इतका आक्रमक असतो की पिल्लू त्याचंच गाणं उचलतं. असा नर मोठा झाला की चुकीच्या जातीची मादी त्याच्याकडे येते. संकर होतो.

संकरित पिल्लं कमजोर असतात असं आपण धरून चालतो. डॅफ्नीवर तसं दिसलं नाही. १९८३ आधी ती टिकत नव्हती, पण ती आजारी होती म्हणून नव्हे. त्यांच्या मधल्याच आकाराच्या चोचीला जुळणारे दाणे नव्हते. १९८३ च्या पावसानंतर बारीक बिया मुबलक झाल्या आणि तीच संकरित पिल्लं शुद्ध जातीच्या पिल्लांइतकीच तगू लागली. निवडुंगावर जगणारा निवडुंग-फिंच आणि फोर्टिस यांच्यात हळूहळू जनुकांची देवाणघेवाण वाढली आणि निवडुंग-फिंचची टोकदार चोच काही दशकांत थोडी बोथट होत गेली. दोन जाती दूर जाण्याऐवजी जवळ येत होत्या. जात ही गोष्ट दगडात कोरलेली आहे, असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे पाहावेत.

या चाळीस वर्षांतला सर्वांत विलक्षण पक्षी मात्र १९८१ साली उडत आला. एकटा नर, अंगाने फोर्टिसपेक्षा खूपच मोठा, डोकं मोठं, चोच वेगळीच, गाणं तर डॅफ्नीवर कुणीच न ऐकलेलं. त्याच्या कडीचा नंबर ५११०; ग्रँट त्याला ‘बिग बर्ड’ म्हणत. बरीच वर्षं वाटत होतं की तो शेजारच्या सांताक्रूझ बेटावरचा कुणी संकरित असावा. पुढे डीएनएवरून कळलं की तो शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या एस्पान्योला बेटावरचा, तिथल्या मोठ्या निवडुंग-फिंच जातीचा होता. परतणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याने फोर्टिस मादीशी जोडी जमवली आणि तो तेरा वर्षं जगला.

त्याच्या मुलांनी त्याचं गाणं उचललं. डॅफ्नीवरच्या माद्यांच्या कानाला ते अनोळखी होतं, त्यामुळे त्यांनी या वंशातल्या नरांना जवळ केलं नाही. उरले कोण? आपल्याच घरातले. २००३-०५ च्या दुष्काळातून या वंशातले फक्त दोघे वाचले, एक भाऊ आणि एक बहीण, आणि त्यांनीच जोडी जमवली. तिथून पुढे हा वंश फक्त आपापसातच वाढला. चोच फोर्टिसपेक्षा मोठी, मॅग्निरॉस्ट्रिसपेक्षा लहान, म्हणजे दोघांच्या मधली रिकामी जागा त्याला मिळाली, आणि २००४ नंतर मॅग्निरॉस्ट्रिस घटल्यामुळे ती जागा आणखी मोकळी झाली. २०१२ पर्यंत या वंशाच्या आठ जोड्या बेटावर विणीला लागल्या होत्या. वेगळं गाणं, वेगळी चोच, वेगळा आहार, आणि बाहेर लग्न नाही. नवी जात व्हायला जे लागतं ते जवळजवळ सगळं, तीन पिढ्यांत.

तर ही नवी जात म्हणायची का? माझं मत सांगतो: घाई करू नये. आठ जोड्या म्हणजे फारच थोड्या, आणि तेही सगळे एकमेकांचे नातेवाईक. एक मोठा दुष्काळ, एखादा आजार, किंवा शेजाऱ्याचं गाणं शिकलेली दोन-चार पिल्लं, एवढ्याने हा वंश संपू शकतो किंवा पुन्हा फोर्टिसमध्ये मिसळून जाऊ शकतो. नव्या जातींच्या बहुतेक सुरुवाती अशाच विरून जात असाव्यात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नसावा. ही एक दिसली, कारण बापाचा नंबर, आईचा नंबर, प्रत्येक पिल्लाचं गाणं आणि रक्ताचा थेंब कुणीतरी तीस वर्षं लिहून आणि जपून ठेवला होता. ती टिकते की नाही हे ठरवायला आणखी किती पावसाळे आणि किती दुष्काळ मोजावे लागतील, याचा अंदाज डॅफ्नीवरच्या आधीच्या चाळीस वर्षांनी कुणालाच बांधू दिलेला नाही.